आपल्या रानातलं मातीचं धरण: समज काय, खरं काय

जत, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ आणि शेजारचे माण, खटाव या तालुक्यांत ओढ्यावर मातीचा बांध घालून पाणी अडवण्याची रीत जुनी आहे. यातले बहुतेक पाझर तलाव सरकारी आहेत. एखाद्या बागायतदारानं, भावकीनं मिळून किंवा एखाद्या संस्थेनं स्वखर्चानं बांधलेले बांधही असतात. या खासगी बांधांविषयी गावोगाव ठाम मतं ऐकू येतात. त्यांतली काही चुकीची आहेत, आणि त्या चुकीची किंमत बांधाच्या मालकाआधी ओढ्याकाठी खाली राहणारी माणसं मोजतात.

सगळ्यात पसरलेला समज म्हणजे ‘मातीचं ते कच्चं’. वारणेवरचं चांदोलीचं धरण मातीचंच आहे. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव, येरळेवरचा नेरचा तलाव आणि मायणीचा तलाव ब्रिटिश अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेले. तेही मातीचेच, आणि आजही उभे आहेत. चांगल्या मातीच्या धरणात मधे चिकण मातीचा गाभा असतो आणि तो पायाखालच्या खंदकात उतरवून घट्ट थरापर्यंत नेलेला असतो. दोन्ही बाजूंना मुरमाचं भरण, पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग आणि पायथ्याशी पाझर सुरक्षित बाहेर काढणारा दगडाचा निचरा असतो. माती पातळ थरांत पसरून, पाणी मारून, प्रत्येक थर रोलरनं दाबलेला असतो. जेसीबीनं दोन दिवसांत ओढून ढीग केलेल्या मातीला यातलं काहीच मिळालेलं नसतं. म्हणून धरण मातीचं आहे एवढ्यावर घाबरू नये. ती माती कशी बसवली, हे मात्र विचारावं.

‘एवढासा बांध, फुटला तर फुटला,’ असंही म्हटलं जातं. हिशेब करून पाहा. एक हेक्टर पसाऱ्यात सरासरी 3 मीटर पाणी असेल तर ते 30 हजार घनमीटर, म्हणजे 3 कोटी लिटर होतं. त्याचं वजन 30 हजार टन. मातीच्या बांधाला एकदा खिंड पडली की वाहतं पाणी ती झपाट्यानं रुंद करत नेतं, आणि खालच्या वस्तीला सावरायला वेळ मिळत नाही. सह्याद्रीच्या पलीकडं, चिपळूण तालुक्यात 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. ते मातीचं होतं आणि लघुपाटबंधारे प्रकल्पांतलं होतं. कोयना-चांदोलीच्या तुलनेत कुणीही त्याला लहानच म्हटलं असतं.

त्या दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडं बोट दाखवलं आणि राज्यभर संताप झाला. बिळांचा धोका मात्र खरा आहे. खेकडा, घूस, साळिंदर बांधात बीळ करतात आणि त्या वाटेनं पाण्याला रस्ता सापडू शकतो. पण बीळ शोधून, खोदून, योग्य माती ठोकून बुजवणं हे वर्षानुवर्षांच्या देखभालीचं साधं काम आहे. जनावराच्या नावावर फूट टाकली की देखभाल कुणाची होती, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. तिवऱ्यात गळतीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या, हे गावकऱ्यांनी सांगितलं होतं.

गळतीबद्दल दोन उलटे समज आहेत. कुणी म्हणतं थेंब दिसला की धरण गेलं, कुणी म्हणतं गळती तर असतेच. मातीचं प्रत्येक धरण थोडं झिरपतं. पायथ्याशी वर्षानुवर्षं तेवढंच, निवळशंख पाणी येत असेल तर ते नोंदवत राहावं. तेच पाणी गढूळ झालं, एकाएकी वाढलं, बांधाच्या मध्यातून फुटू लागलं किंवा पायथ्याशी वाळू उकळल्यासारखी वर येऊ लागली, तर आतली माती वाहून चालली आहे. त्या क्षणी मोजमाप घेत बसू नये. खालच्या लोकांना हलवावं आणि तहसीलदारांना कळवावं.

बांधावर झाडं लावली की तो पक्का होतो, हा समज चांगल्या हेतूमुळं टिकून आहे. लिंब, बाभूळ, सुबाभूळ यांची मुळं खोल जातात. झाड मेलं की मूळ कुजतं आणि तिथं पोकळ नळी उरते. वादळात झाड उन्मळलं तर मुळांसकट बांधाचा लचका निघतो. बांधाच्या उतारावर गवतच हवं. वृक्षारोपण खाली, पायथ्यापासून दूर करावं.

आता सांडव्याकडं येतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू द्यायचं नसतं. काँक्रीटचा बंधारा ते सोसतो, माती सोसत नाही. जास्तीचं पाणी सांडव्यानंच गेलं पाहिजे. ऑगस्टमध्ये तलाव भरला की सांडव्यात वाळूची पोती रचून दीड-दोन फूट पाणी वाढवणं, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावणं, सांडव्याच्या वाटेत गोठा किंवा रस्ता घालणं याला लोक व्यवहारज्ञान समजतात. माथा आणि पाणी यांत सोडलेलं अंतर वाया गेलेली जागा वाटते. खरं तर ते अंतर पुरासाठी आणि लाटांसाठी राखलेलं असतं. परतीचा पाऊस माणदेशात एका रात्रीत ओढे दुथडी भरतो, आणि त्या रात्री ती पोती काढायला कुणी पोचू शकत नाही.

याचा सर्वांत भयंकर दाखला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला आहे. साउथ फोर्कचं मातीचं धरण श्रीमंतांच्या एका मासेमारी-शिकार क्लबच्या मालकीचं होतं. तळातले विमोचक नळ आधीच्या मालकानं काढून विकले होते आणि ते पुन्हा बसले नाहीत. माथा थोडा उतरवलेला होता आणि मासे राहावेत म्हणून सांडव्यावर जाळ्या होत्या. 31 मे 1889 रोजी मुसळधार पावसात पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउनसह खोऱ्यात 2,209 माणसं मेली.

कायद्याविषयीचे समज याहून गुंतागुंतीचे आहेत. ‘शेत माझं, पैसा माझा, सरकारचा काय संबंध?’ महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 20 प्रमाणं नदी, नाले आणि वाहतं पाणी, दुसऱ्याचा हक्क सिद्ध नसेल तिथं, राज्य सरकारच्या मालकीचे आहेत. आपल्या रानात खोदून केलेलं शेततळं वेगळं आणि ओढा अडवणं वेगळं. लोकांनी स्वतः धरण बांधू नये, असा याचा अर्थ मी लावत नाही. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं, 1980 च्या दशकात येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभं केलं. त्यासाठी त्यांनी नदीतली वाळू विकून पैसे जमवले आणि सरकारी परवानगीसाठी झगडा केला. अभियंत्यांचा सल्लाही त्यांनी घेतला. लोकवर्गणीचं धरण चोरून आणि अंदाजानं बांधावं लागत नाही, हे सांगली जिल्ह्यानं दाखवलं आहे.

दुसरा समज असा की धरण सुरक्षा कायदा फक्त सरकारी धरणांना आहे. 30 डिसेंबर 2021 पासून लागू झालेल्या धरण सुरक्षा कायद्यात धरणाच्या मालकाच्या व्याख्येत सरकारांसोबत कंपनी, संस्था आणि व्यक्तीही येतात. 15 मीटरपेक्षा उंच धरण त्याच्या कक्षेत येतंच. 10 ते 15 मीटर उंचीचं धरणही येतं, जर माथ्याची लांबी 500 मीटर वा अधिक, साठा 10 लाख घनमीटर वा अधिक किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला 2,000 घनमीटर वा अधिक असेल, अथवा पाया विशेष अवघड किंवा रचना वेगळ्या धाटणीची असेल. इथं एक मेख आहे. उंची पायाच्या सर्वांत खोल भागापासून मोजायची असते. जमिनीवर नऊ मीटर दिसणारा बांध पायासकट दहाच्या वर जाऊ शकतो. कायद्यात बसणाऱ्या मालकाला पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावी लागते. प्रत्येक पुरानंतर आणि भूकंपानंतरही ती बंधनकारक आहे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आठवणाऱ्या पाटण-शिराळ्याच्या लोकांना यातला भूकंपाचा उल्लेख का आहे, हे सांगायला नको. आणीबाणीचा कृती आराखडाही तयार ठेवावा लागतो. निर्देश धुडकावले तर एक वर्षापर्यंत, आणि त्यातून जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे लहान बांध या यादीबाहेर राहतात, आणि इथूनच ‘यादीत नाही, म्हणजे जबाबदारी नाही’ हा सर्वांत घातक समज जन्मतो. निष्काळजीपणामुळं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 बांधाची उंची विचारत नाही. नुकसानभरपाईचा दावा तर फार जुना मार्ग आहे. इंग्लंडमध्ये रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाच्या खासगी जलाशयाचं पाणी शेजारच्या खाणीत घुसलं, तेव्हा 1868 मध्ये निकाल लागला की धोकादायक साठा करणारा, त्याची चूक नसली तरी, नुकसान भरून देईल. हिंदुस्थानात 1874 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं कार्वेटीनगरमच्या जमीनदाराला हा कडक नियम लावला नाही. त्याचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं होतं. पण असे तलाव प्राचीन, लोकांच्या जगण्याला आवश्यक आणि ते राखणं हे त्याचं कर्तव्य, म्हणून निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच तो जबाबदार, असं ठरलं. त्याचा निष्काळजीपणा दिसला नाही, म्हणून तो सुटला. काल-परवा स्वतःच्या बागेसाठी बांध घालणाऱ्याला या निकालाआड लपता येईल, असं मला वाटत नाही. सांडव्यात पोती रचलेली सापडली तर मुळीच नाही.

एक धोका अलीकडं वाढला आहे. टेंभू, म्हैसाळ, जिहे-कठापूर या योजनांचं पाणी आता वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या तलावांत येऊ लागलं आहे. काळ्या मातीचा बांध इतकी वर्षं उन्हात तापला की त्याला खोल भेगा पडतात. मग तलाव एका आठवड्यात काठोकाठ भरला तर पाणी त्या भेगांतून वाट काढतं. असा तलाव टप्प्याटप्प्यानं भरावा. थोडी पातळी चढवावी, काही दिवस थांबावं, पायथा रोज फिरून पाहावा आणि पाझर स्वच्छ असेल तरच पुढचं पाणी घ्यावं. भेगा त्याआधीच खोदून, चिकण मातीनं ठोकून भरलेल्या असाव्यात. शंका आली तर मृद व जलसंधारण विभागाच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन अभियंत्याला बांध दाखवावा आणि त्या अर्जाची पोच जपून ठेवावी.