हायपरकेऑटिक प्रणालींचे समकालन

हायपरकेऑटिक प्रणालींचे समकालन म्हणजे अत्यंत अस्थिर वर्तन असलेल्या दोन गतिकीय प्रणालींना नियंत्रणाच्या साहाय्याने एकाच मार्गावर आणण्याची गणिती प्रक्रिया होय. पहिल्या प्रणालीस चालक व दुसरीस अनुयायी म्हणतात. नियंत्रण केवळ अनुयायी प्रणालीस दिले जाते.

पार्श्वभूमी

केऑटिक प्रणालीचे नियम निश्चित असतात. तरीही आरंभीच्या स्थितीतील सूक्ष्म फरक झपाट्याने वाढतो. या वाढीचा दर ल्यापुनोव घातांकाने मोजतात. एक घातांक धन असल्यास प्रणाली केऑटिक, तर दोन किंवा अधिक धन असल्यास हायपरकेऑटिक ठरते. अवकल समीकरणांनी वर्णिलेल्या स्वायत्त प्रणालीत त्यासाठी किमान चार चले लागतात. ओटो रोसलर यांनी १९७९ मध्ये अशी प्रणाली मांडली. लुई पेकोरा व थॉमस कॅरोल यांनी १९९० मध्ये केऑटिक प्रणालींचे समकालन शक्य असल्याचे दाखवले.

अरेषीय नियंत्रणाची पद्धत

दोन्ही प्रणालींतील समान चलांच्या फरकास त्रुटी म्हणतात. प्रत्येक प्रणालीची गती अनियमितच राहते. शून्यावर आणायची असते ती केवळ त्रुटी.

रोसलर प्रणालीच्या तिसऱ्या समीकरणात पहिल्या व तिसऱ्या चलाचा गुणाकार येतो. हे अरेषीय पद होय. अनुयायी व चालक यांच्या गुणाकारांतील फरक नियंत्रकाद्वारे वजा केला आणि त्याबरोबर तिसरी त्रुटीही वजा केली, तर त्या त्रुटीच्या बदलाचा दर ऋण त्रुटीइतका उरतो. मग ती १० कालएककांत मूळच्या सुमारे २२,००० व्या भागाइतकी होते. उरलेल्या तीन समीकरणांसाठीही याच रीतीने नियंत्रक निवडतात.

सिद्धतेसाठी चारही त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचा निम्मा भाग हे ल्यापुनोव फलन घेतात. त्याचा अवकलज त्रुटी शून्य नसताना सदैव ऋण येतो. म्हणून आरंभ कोठूनही झाला तरी त्रुटी शून्याकडे जाते.

महाराष्ट्रातील संशोधन

सचिन भालेकर व वर्षा दफ्तरदार-गेज्जी यांनी अपूर्णांक कोटीच्या भिन्न केऑटिक प्रणालींचे सक्रिय नियंत्रणाने समकालन करण्याविषयी २०१० मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. सक्रिय नियंत्रणातही अरेषीय पदे याच प्रकारे रद्द केली जातात. त्यांनी मांडलेली तीन चलांची केऑटिक प्रणाली 'भालेकर-गेज्जी प्रणाली' या नावाने ओळखली जाते.

उपयोग व मर्यादा

केऑटिक संकेतात संदेश दडवून तो समकालित ग्राहकाकडे वेगळा करणे, हा या पद्धतीचा सुचवलेला उपयोग होय. तथापि अशा अनेक योजना फोडता येतात, असे पुढील अभ्यासांत आढळले. केवळ अनियमितता म्हणजे गुप्तता नव्हे. शिवाय वरील नियंत्रकास सर्व चलांचे मापन आणि प्राचलांची अचूक मूल्ये लागतात. प्रत्यक्ष मंडलांत घटकांतील तफावत व गोंगाट यांमुळे थोडी त्रुटी शिल्लक राहते. प्राचले अज्ञात असल्यास अनुकूली नियंत्रण वापरतात.