अभ्यास कसा करतोस, दाखव

आमच्या कॉलेजच्या वाचनकक्षामागे एक लांबट खोली आहे. चारला प्रॅक्टिकल सुटलं की एफवाय बी.एस्सी.ची काही मुलं तिथे येतात. बहुतेकांना साडेपाचची एसटी गाठायची असते, त्यामुळे हातात तास-सव्वा तासच असतो. मी रसायनशास्त्र शिकवते, पण या खोलीत शिकवायचं नाही असं मी ठरवलं आहे. मुलांनी घरी करतात तसाच अभ्यास इथे करायचा आणि मी शेजारी बसून पाहायचं.

‘अभ्यास कसा करतोस?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘वाचतो, मॅडम.’ ‘दाखव’ म्हटलं की मगच काहीतरी कळतं.

यातली बरीचशी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. अकरावी-बारावी इंग्रजीतून झाली खरी, पण ती गाईडवर आणि क्लासच्या नोट्सवर निभावली. जाडजूड इंग्रजी पुस्तक एकट्यानं वाचायची वेळ बहुतेकांवर पहिल्यांदाच येते. एक मुलगी ओळीखाली पेन्सिल सरकवत वाचत होती. अडलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ मोबाईलवर शोधून तिनं तो वर बारीक अक्षरात लिहिला होता. इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी, शील्डिंग असे सगळे अवघड शब्द तिला येत होते. तरी परिच्छेद काय म्हणतो ते सांगता येईना. शेजारी बसल्यावर कारण दिसलं. ‘व्हेअरॅज’, ‘अनलेस’, ‘हेन्स’ या शब्दांवरून तिची पेन्सिल न थांबता पुढे जात होती. ते सोपे वाटतात, म्हणून त्यांचा अर्थ कोणी शोधत नाही. पण एक विधान दुसऱ्याच्या विरुद्ध आहे, की त्यातून निघालं आहे, हे तेच सांगतात. आता आम्ही आधी एवढ्याच शब्दांभोवती गोल करतो आणि मग वाचायला लागतो. वेग कमी होतो, पण पान संपेपर्यंत धागा हातात राहतो.

दुसरा मुलगा चांगल्या मार्कांचा. त्याच्या पुस्तकात अर्धं पान हायलायटरनं पिवळं झालेलं. ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजनची पहिली आयनीकरण ऊर्जा जास्त का, हा परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. त्याचं उत्तर त्यानं अर्धभरलेल्या ऑर्बिटलच्या स्थैर्यासकट एका दमात म्हणून दाखवलं. ‘मग फॉस्फरस आणि सल्फरचं काय?’ असं विचारलं, तर म्हणाला, ‘ते दिलेलं नाही, मॅडम.’ मी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि दोन्हींची इलेक्ट्रॉन मांडणी लिहायला सांगितली. थ्री-पीमध्ये एकीकडे तीन इलेक्ट्रॉन, दुसरीकडे चार. तो कागदाकडे पाहत राहिला आणि मग स्वतःच म्हणाला, ‘हे तर तेच आहे.’ फॉस्फरसचीच जास्त, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. नायट्रोजनचा आकडा मोलमागे सुमारे १४०० किलोज्यूल, ऑक्सिजनचा सुमारे १३१५. हे पाठ असणं चांगलंच, पण पाठ केलेलं दुसऱ्या जागी चालवून पाहायची सवय त्याला कुणी लावलीच नव्हती. त्यात त्याचा काय दोष?

या टेबलावर सगळ्यांत जास्त वापर कोऱ्या कागदाचाच होतो. दोन पानं वाचायची, पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते मराठी-इंग्रजी कशाही मिसळीत उतरवायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं हिरव्या पेनानं भरायचं. पहिल्या आठवड्यात मुलांना हे मुळीच आवडत नाही. कागद निम्मा हिरवा होतो आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. पुन्हा पुन्हा वाचताना तसं वाटत नाही, मजकूर ओळखीचा होत जातो आणि ओळख म्हणजेच समजणं असा भास होतो. या भासावर हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. एका गटानं उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्यानं एकाच सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आपल्याला चांगलं आठवेल अशी जास्त खात्री वाचणाऱ्यांना होती. मी हे आकडे मुलांना सांगते, कारण हिरव्या कागदानं खचून जाण्याची वेळ येते तेव्हा असा आधार लागतो.

तासाला लिहून घेतलेल्या नोट्सचं काम त्यामानानं सोपं. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी सुचवलेली पद्धत आम्ही वापरतो. पानाच्या डाव्या बाजूला रुंद पट्टी मोकळी सोडायची आणि घरी गेल्यावर तिथे त्या मजकुरातून निघणारे प्रश्न लिहायचे. आपल्या वह्यांचा छापील समास त्याला पुरत नाही, म्हणून पान दुमडून घडी पाडायची.

खरी अडचण आहे ती मुलांना खोलीपर्यंत आणण्याची. नॅकच्या मूल्यांकनाच्या कामासाठी कॉलेजात ‘स्लो लर्नर्स’ची यादी करायची पद्धत पडली. ती सूचनाफलकावर लागली की त्यात नाव असलेला मुलगा त्या खोलीकडे फिरकत नाही. मैत्रिणींसमोर, मित्रांसमोर कोण जाईल? १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणिताचे अभ्यासक युरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा माग काढला. प्राध्यापकांना वाटत होतं, तयारी कच्ची असेल, घरचं पाठबळ नसेल. ट्राइसमन यांनी विद्यार्थ्यांसोबत राहून पाहिलं, तर ही मुलं मेहनती होती, पण एकेकटी अभ्यास करत होती. त्याच वर्गातली चिनी वंशाची मुलं एकमेकांची उत्तरं तपासत, वाद घालत. मग त्यांनी गटानं बसायचे वर्ग काढले आणि ते कच्च्यांसाठी आहेत असं म्हटलं नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. मुलं आली आणि टिकली. म्हणून आमच्या दारावर फक्त ‘अभ्यासाचं टेबल, सर्वांसाठी’ एवढंच लिहिलं आहे. वर्गात पहिला येणारा मुलगा आवर्जून येतो, आणि त्यामुळे बाकीचेही येतात.

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापनाचे असतात. ही खोली आमच्याकडे त्या तासांत धरली जात नाही. मी एकटी किती जणांशेजारी बसणार? पण एसवायची मुलं बसू शकतात, आणि माझ्यापेक्षा चांगली बसतात. कुठे अडलं होतं ते त्यांना अजून ताजं आठवतं. शिवाय ‘दादा, हे कळलं नाही’ म्हणणं ‘मॅडम’ म्हणण्यापेक्षा सोपं जातं. यातली काही ‘कमवा आणि शिका’ योजनेत आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली ही रीत. आमच्याकडे मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात, कार्यालयात नोंदी करतात आणि त्या तासांचं मानधन घेतात. या टेबलावर एफवायच्या मुलाशेजारी बसलेला तासही त्याच कामात धरावा, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे. सोबत बसायला तयार असलेल्या मुलांची नावं आणि त्यांच्या एसटीच्या वेळाही जोडल्या आहेत.