सुई, जेट आणि पिकअप

१९८५च्या अखेरीस यामाहा आरएक्स १०० आली. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती. गाडी मुळातच चपळ, तरी तिला आणखी पळवायला पोरं गॅरेज गाठायची. मागणी ठरलेली: कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा मेन जेट मोठा टाका.

मेन जेटचं राज्य मात्र थ्रॉटल पाऊणाच्या वर उघडल्यावर सुरू होतं. सिग्नलवरून निघताना पेट्रोल येतं पायलट जेटमधून, आणि पुढे पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंतचा कारभार सुईचा. खरा पिकअप याच मधल्या पट्ट्यात. म्हणून जाणकार मिस्त्री आधी एअर स्क्रू पूर्ण आवळून साधारण दीड आटे सोडायचा, स्लो बसवायचा आणि मगच सुई काढायचा. सुईचं लॉक एक खाच खाली घेतलं की सुई वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. पेट्रोल कमी पडून गाडी रेस देताच अडखळत असेल, तर बऱ्याचदा एवढ्यानंच भागायचं.

शेवटचा कौल प्लगचा. मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल, मग एकाच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद, आणि प्लग खोलून बघायचा. बिस्किटी तपकिरी रंग आला की जमलं. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा फटक म्हणजे कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये ही धोक्याची घंटा. ॲव्हरेजच्या लोभापायी तशाच पळवलेल्या कित्येक गाड्यांचे पिस्टन जाम झाले.

पुढे फोर-स्ट्रोकच्या जमान्यात रबरी डायफ्रामचे कार्ब्युरेटर आले. सुई आता केबलनं नाही, इंजिनाच्या ओढीनं उचलली जाऊ लागली. त्या रबराला टाचणीएवढं भोक पडलं तरी पिकअप गेलाच.

या काळातलं मला सर्वांत बोलकं वाटणारं वळण पल्सर २२०चं. २००७मध्ये ती फ्युएल इंजेक्शन घेऊन आली आणि २००९मध्ये चक्क कार्ब्युरेटरवर परतली. किंमत उतरली, ताकद किंचित वाढली! नीट जुळवलेला कार्ब्युरेटर इंजेक्शनपुढे कमी पडत नाही, हे कारखान्यानंच दाखवून दिलं.

धुरापुढे मात्र त्याचा टिकाव लागला नाही. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हा धुराचा नियम लागू झाला आणि बहुतेक नव्या गाड्यांतून तो गेला. दोघांतला फरक घाटात कळतो. वाईहून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, हवा विरळ होते. जुनी गाडी तिथे रिच होऊन, म्हणजे पेट्रोल जास्त पडून, मंदावते. नव्या गाडीचा सेन्सर हवेचा दाब मोजून पेट्रोल स्वतःच कमी करतो.