दोघांची खोली

पाचवा महिना उलटला की घरात नकळत मापं घेणं सुरू होतं. दिवाण सरकवला तर पाळणा बसेल का, कपाटातला कोणता खण रिकामा करायचा, नणंदेकडचा टब आणायचा की नवा घ्यायचा. त्याच सुमारास फोनवर परदेशी घरांतल्या बाळखोल्यांची चित्रं दिसायला लागतात. भिंतीवर ढगांचा वॉलपेपर, कठड्याचा पलंग, पलंगात रांगेनं बसवलेली अस्वलं. ठाण्यात किंवा पुण्यात वन बीएचकेत राहणाऱ्या जोडप्याला ती पाहून उगाच हुरहूर लागते. ती लागायचं काही कारण नाही. पहिले सहा महिने तरी बाळानं आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर झोपावं, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाच सल्ला आहे. आपल्याकडे तर बाळाची वेगळी खोली कधी नव्हतीच. होती ती बाळंतिणीची खोली, आणि तिच्यात दोघांची सोय एकत्र व्हायची. त्या खोलीतला अंधार, बंद खिडक्या आणि शेगडीचा धूर तेवढा काढून टाकला, तर बाकीची कल्पना आजही पक्की आहे. तयारी करायची ती या खोलीची.

आधी वेळेचा हिशेब. डॉक्टर देतात ती तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे मोजून काढलेली असते. सुरुवातीच्या सोनोग्राफीत फरक दिसला तर ती बदलते. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं फार थोडी. 37 आठवडे झाले की बाळ पूर्ण दिवसांचं धरतात, त्यामुळे घरातली तयारी छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत आटपलेली बरी. बाळंतपण माहेरी की सासरी हे मात्र सातव्या महिन्यातच ठरवून टाकावं. डोहाळजेवणाच्या गडबडीत हा विषय मागे पडतो, मग आठव्या महिन्यात नवे डॉक्टर, नवं हॉस्पिटल, जुन्या रिपोर्टांची शोधाशोध. शिवाय खोली कुठे लावायची हेही त्यावरच अवलंबून असतं.

रंगकाम करायचंच असेल तर ते सर्वांत आधी, मधल्या तिमाहीत, आणि त्या दिवसांत गरोदर बाईनं दुसरीकडे राहायला जावं. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण आपल्याकडे 2017 पासून कायद्यानं 90 पीपीएमवर आणलं आहे, तेव्हा नवा रंग हा मोठा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो जुन्या चाळीतल्या किंवा वाड्यातल्या भिंतींचा. तिथे दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात आणि ते कोरडे घासले की शिशाची धूळ घरभर पसरते. असा रंग उडत नसेल तर त्याला हातच लावू नये. उडत असेल तर ओला करून खरवडावा आणि पोरंबाळं, गरोदर बाई यांना त्या घरात थांबू देऊ नये. रंग कोणता, यावर मात्र घरात फार चर्चा होऊ शकत नाही, कारण मुलगा की मुलगी हे आपल्याला आधी कळत नाही. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये केला; देशाचा कायदा 1994 चा. त्यामुळे आपल्याकडच्या आज्या पिवळी, पांढरी, पोपटी झबली शिवतात. त्यात काही बिघडत नाही.

आता झोपायची जागा. नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, तेही तुकड्यातुकड्यानं, तेव्हा सगळ्यात जास्त विचार या चार फूट जागेचा करावा. अंथरूण सपाट आणि घट्ट हवं. हातानं दाबल्यावर खड्डा पडणारी मऊ गादी नको. बाळाला पाठीवर झोपवायचं आणि आजूबाजूला लोड, तक्के, खेळणी, जाड पांघरूण काहीही ठेवायचं नाही. मोहरीच्या उशीवर इथे वाद होणार. डोकं गोल व्हावं म्हणून ती शिवतात आणि शिवणाऱ्या आजीला दुखवणं सगळ्यांच्याच जिवावर येतं. पण झोपलेल्या बाळाला पहिलं वर्षभर कुठलीच उशी नको. डोक्याचा आकार सुधारतो तो बाळ जागं असताना समोर बसून थोडा वेळ पालथं घातल्यानं आणि झोपवताना मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळवल्यानं.

पाळणा घेणार असाल तर त्याचा तळ सपाट आहे ना आणि कठड्याच्या दोन गजांमधली फट सहा सेंटिमीटरहून कमी आहे ना, एवढं पाहावं. जुना सागवानी पाळणा दिसायला देखणा असतो, पण गजांत फट मोठी असेल तर तो बारशापुरताच बाहेर काढावा. टांगायचा कुठे हाही प्रश्न आहे. वाड्यांत तुळईला कड्या असत. फ्लॅटमध्ये पीओपीच्या छताला हूक ठोकून भागत नाही, तो स्लॅबमध्येच पक्का बसवावा लागतो. त्यापेक्षा स्टँडचा पाळणा सोपा. साडीच्या झोळीत बाळं गाढ झोपतात हे खरं, पण झोळीत अंग मुडपून हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्याच्या श्वासाला अडथळा होऊ शकतो. म्हणून झोका द्यायचा तो समोर बसून आणि डोळा लागला की बाळ सपाट अंथरुणावर. पाळण्यावर टांगायचं चिमणाळं घाईनं आणू नका. पहिले काही आठवडे बाळाला स्पष्ट दिसतं ते फूटभर अंतरावरचं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा. वर फिरणाऱ्या कापडी चिमण्या त्याच्या लेखी नसल्यासारख्याच.

या खोलीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू बाळाची नाहीच, ती आईची खुर्ची. सुरुवातीला बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं आणि प्रत्येक वेळी अर्धा तास सहज जातो. म्हणजे बाळंतीण दिवसाचे चार ते सहा तास एकाच जागी बसून असते, त्यातले निम्मे रात्री. म्हणून पाठ टेकेल अशी खुर्ची, पाय ठेवायला पाट किंवा बुटकं स्टूल, कोपराखाली घ्यायला दोन घट्ट उशा. हाताशी पाण्याचा तांब्या, खाऊचा डबा, फोनचा चार्जर आणि मंद पिवळा दिवा. रात्री दोन वाजता ट्यूबलाइट लावली की बाळासकट घर जागं होतं. नवव्या महिन्यात एकदा त्या खुर्चीत स्वतः अर्धा तास बसून पाहावं. हात कुठे अवघडतो, पंख्याचा झोत कुठे लागतो, बटण हाताला येतं की नाही, हे तेव्हाच कळतं. पंखा बंद ठेवायची गरज नसते, त्याचा थेट वारा फक्त बाळावर नको. उकाड्यात कुंची, मोजे, वर दोन दुपटी असा जामानिमाही नको. आपल्या अंगावर आहे त्याहून एक कपडा जास्त, एवढं बाळाला पुरतं. डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी.

कपड्यांच्या बाबतीत जुनी माणसं दोन गोष्टी सांगतात. जन्माआधी नवं काही आणू नये आणि पहिलं झबलं वापरलेलं असावं. पहिलीशी वाद घालण्यात वेळ घालवू नये, कारण दुसरी तिला परस्पर सोडवते. चार पोरांच्या अंगावरून गेलेलं सुती झबलं इतकं मऊ झालेलं असतं की दुकानातलं कुठलंही त्याच्यापुढे खरखरीत वाटावं. फक्त ते कुठून येतंय हे पाहा. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेले कपडे आणि दुपटी तान्ह्याला थेट वापरणं धोक्याचं आहे. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन, रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फोडतं आणि कावीळ झपाट्यानं वाढते. कमतरता आहे की नाही हे आधी कोणाला माहीत नसतं. तेव्हा वास येत असलेले कपडे नुसते झटकून घालू नयेत. ते पुन्हा पुन्हा धुऊन कडक उन्हात वाळवावेत आणि तरी वास राहिला तर सरळ बाजूला टाकावेत. पुढच्या बाळासाठी ठेवताना डांबरगोळ्यांऐवजी वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा.

दुपटी मात्र घरीच शिवावीत. त्यासाठी साडी जुनी, सुती, धुऊन धुऊन विरविरीत झालेली घ्यायची, पण फाटायला आलेली नको. आधी गरम पाण्यात धुऊन वाळवायची. मग दोन्ही काठ कापून बाजूला. जरीचा असेल तर अजिबात ठेवायचा नाही, ती कातडीला ओरखडे काढते. साडेपाच मीटर साडीचे हातभर-दोन हात लांबीचे तुकडे पाडले की तीन पदरांची दोन मोठी दुपटी निघतात, किंवा लहान करून चार. तिन्ही पदर जमिनीवर सुरकुती न पडता पसरायचे, कडा आत मुडपून आधी चारी बाजूंनी कच्चा टाका घालायचा आणि मग बोटभर अंतरावर ओळीनं धावदोरा. दोरा ओढून घेतला की कापड चुणतं, म्हणून हात सैल ठेवायचा. गाठ नेहमी दोन पदरांच्या आत लपवायची आणि शेवटी दुपटं उलटंसुलटं करून सुटे धागे कापायचे. हे शेवटचं काम सोडू नये. दुपट्यातला किंवा मोज्यातला सुटा धागा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडू शकतं. बाळ कशानेच शांत होत नसेल तेव्हा मोजे काढून बोटं पाहण्याचं कारण हेच. गोंडे, लेस, टिकल्या या सगळ्याला त्यामुळे फाटा.

किती शिवायचं? पाच-सहा दिवसांचं झाल्यावर पोटभर दूध मिळणारं बाळ दिवसाला निदान सहा वेळा शू करतं. कापडी लंगोट वापरायचे तर ते त्याहून बरेच जास्त बदलावे लागतात, दिवसाला पंधरा-वीस धरून चाला. उन्हाळ्यात तीन डझन पुरतात. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये बाळ येणार असेल तर पाच डझनही अपुरे पडतात, कारण काही वाळतच नाही. पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवत, ते आता नको. पंख्याखाली दोरी बांधावी आणि शेवटचा ओलसरपणा इस्त्रीनं काढावा. रात्रीपुरते डायपर वापरले तर कोणाचंच काही बिघडत नाही, उलट आईला दोन तास झोप मिळते.

राहिली माणसं. मालिश करून न्हाऊ घालणाऱ्या मावशी चांगल्या असतील तर त्यांना सातव्या-आठव्या महिन्यातच सांगून ठेवावं लागतं. तेव्हाच नीट बोलून घ्यावं: नखं कापलेली, हातात बांगड्या-अंगठ्या नाहीत, नाकाकानात तेल नाही, नाळेवर पावडर-हळद काही नाही, धुरी नाही, काजळ नाही. घुटी, मध, साखरपाणी यांचंही घरातल्या सगळ्यांसमोर आधीच ठरवून टाकावं. सहा महिने फक्त आईचं दूध आणि मध वर्षभर नाही. बाळंतपण झाल्यावर थकलेल्या बाईनं हा वाद एकटीनं घालावा अशी वेळ येऊ देऊ नये. हे बोलायचं काम नवऱ्याचं. त्याला रजा किती मिळते तेही विचारून ठेवावं. आईला कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे आणि त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत पंधरा दिवस, खासगीत कंपनी देईल तसं.

छत्तिसाव्या आठवड्यात बॅग भरून दाराजवळ ठेवावी. वरच्या कप्प्यात फाइल: माता बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा रिपोर्ट, सोनोग्राफी, आधार, विम्याची कागदपत्रं. खाली पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, पॅड, धुतलेली झबली, टोपडी, चार दुपटी. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी हे जन्मावेळचे डोस दवाखान्यातच देतात, तेवढी नोंद घेऊन निघावं. जन्माची नोंदणी 21 दिवसांत व्हायला हवी. नाव नंतरही घालता येतं, त्यामुळे बारशाची घाई कागदासाठी करू नये.

यानंतर उरतं ते थांबणं. खोली लावून झालेली असते, लंगोटांच्या घड्या झालेल्या असतात आणि रोज चार फोन येतात, ‘काय, काही बातमी?’ या दिवसांत खरं लक्ष ठेवायचं ते बाळाच्या हालचालीवर. रोजच्यापेक्षा ती कमी वाटली, पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा कळा नियमित आणि जवळजवळ यायला लागल्या, की दिवस-रात्र न पाहता निघायचं. गाडी कोण चालवणार, तो गावाला गेला तर दुसरा कोण, घराची किल्ली शेजारी कोणाकडे, हे फ्रिजवर चिकटवून ठेवावं आणि खाली 108. बाकीच्या फोनांना उत्तर द्यायचं काम सासूबाईंवर सोपवावं. त्यांना ते आवडतं.