गव्हाणीतले तणस

भाऊबीज आटोपली की भंडाऱ्याच्या बाजारात आकाशकंदील खाली उतरतो. पंधरा-वीस दिवस तो खिळा रिकामा राहतो आणि मग तिथेच नाताळची, पांढऱ्या गोंड्याची लाल टोपी लटकते. लायटिंगच्या माळा त्याच, फक्त खोक्यावरचे चित्र बदललेले. दुकानदाराला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याला जानेवारीपर्यंत दुकान चालवायचे असते. आणि जाहिरातींच्या पानांवर उभ्या असलेल्या दिवाळी अंकात बसून बाजाराला बोल लावायचे म्हणजे आपण काचेच्या घरातून दगड मारण्यासारखेच आहे, हेही कबूल करून टाकतो.

प्रश्न वेगळाच आहे. या टोप्या घेते कोण? २०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात होती. सबंध महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे पावणेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे शंभरात एकही पूर्ण नाही. त्यातली बरीचशी मुंबई, वसई, पुणे, अहिल्यानगर या बाजूला. आपल्या जिल्ह्यात ती मूठभरच. एवढ्या मुठीवर कुठलाच सीझन चालत नाही. टोपी घेतात ते इंग्रजी शाळांचे पालक. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर फतवा निघतो: लाल कपडे, पांढरी दाढी, शंभर रुपये केकचे. मंचावर प्लास्टिकचे झाड, रेनडिअर आणि कापसाचा बर्फ. भंडाऱ्यात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, तोही उन्हाळ्यात! बाळ येशूची गव्हाण मात्र त्या मंचावर क्वचितच असते. मुले आनंदाने नाचतात, त्यात वाईट काही नाही. पण आपला सण आपल्याला वगळूनही झोकात साजरा होतो, हे इथल्या ख्रिस्ती घरांना दरवर्षी पाहावे लागते. पुढच्या वर्षी त्यांचीच मुले तीच टोपी मागतात.

या गोष्टीला एक जुनी, गमतीची बाजू आहे. पूर्व विदर्भात प्रॉटेस्टंट पंथ आणला तो स्कॉटलंडच्या फ्री चर्चने. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. त्यांच्याच नावाचे हिस्लॉप कॉलेज १८८३चे. पुढे त्याच मिशनचे काम भंडाऱ्यापर्यंत पोचले. ही मंडळी ज्या परंपरेतली होती, तिच्यात नाताळला जवळपास जागाच नव्हती. शास्त्रात ज्याची आज्ञा नाही तो सण करू नये, हा त्यांचा बाणा. स्कॉटलंडच्या संसदेने १६४० साली नाताळची सुट्टीच मोडीत काढली होती. तिथे २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळू लागली ती थेट १९५८ साली, म्हणजे आपल्याकडे दुसरी पंचवार्षिक योजना चालू असताना. तेव्हा ज्यांनी इथे बायबल आणले, त्यांच्या सामानात नाताळचा डामडौल फारसा नव्हता. सणाला अंगरखा शिवला तो इथल्याच लोकांनी. करंज्या, चकल्या, अनारसे, शेवेचे लाडू, दारात रांगोळी, बांबूच्या कामड्यांना पतंगाचा कागद चिकटवून केलेली चांदणी, आणि ढोलकी-झांजेवर म्हटलेली भजने. विदेशी सण म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्याचे इथले रूप पुरते देशी आहे. विदेशी आहे ती टोपी, आणि ती आपण सर्वांनी मिळून आणली.

भजनांचा विषय निघाला की रेव्हरंड टिळकांना टाळता येत नाही, आणि भंडाऱ्याने तर टाळूच नये. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातल्या एका अनोळखी गोऱ्या माणसाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने नव्या कराराची प्रत हातात दिली आणि हे वाचलेत तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नागपूर-राजनांदगावची गाडी आपल्याच जिल्ह्यातून जाते. वरठीचे भंडारा रोड स्टेशन आणि पुढे तुमसर रोड ओलांडल्याशिवाय तिला गोंदिया गाठता येत नाही. टिळकांच्या ख्रिस्ती कवितेची सुरुवात झाली तो प्रवास आपल्या धानाच्या बांध्यांमधून गेला, पण वरठीला त्याची एक पाटीसुद्धा नाही.

टिळक इथे आठवावेत ते दुसऱ्याही कारणासाठी. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरले, पण वाणी त्यांनी तुकोबांचीच ठेवली. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. आज चर्चमधले गीतपुस्तक 'उपासना संगीत' उघडले की पानोपानी त्यांची पदे भेटतात. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही बसायला जागा होती. धर्म आणि पैसा यांची गाठ कुठे सैल करावी, याचा निकाल त्यांनी स्वतःच्या संसारावर लावून पाहिला. त्याची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी कशी मोजली, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको.

बाजार आला की श्रद्धा बाटते, असे काहींचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. आपण झाडीपट्टीतली माणसे. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, भोवती पाळणे, बांगड्या, जिलबीची दुकाने, शिवाय सोयरिकी जुळवण्याचा धंदा वेगळाच. पवनीच्या घाटावरच्या यात्रेतही नारळवाले असतातच. सणाभोवती दुकान असणे ही इथली जुनीच रीत आहे. बिघडते कधी, तर दुकान सणाची तारीख ठरवू लागते तेव्हा. ख्रिस्ती पंचांगात नाताळच्या आधी चार रविवार आगमनकाळाचे असतात. वाट पाहण्याचे, पश्चात्तापाचे, जुनी भांडणे मिटवण्याचे. आनंद २५ तारखेला सुरू होतो आणि पुढे बारा दिवस चालतो. बाजाराने हे उलटे करून टाकले आहे. त्याचा नाताळ नोव्हेंबरअखेर सुरू होतो आणि २५ला दुपारी संपतो. २६ला तीच टोपी निम्म्या भावात, कारण तोवर थर्टी फर्स्टचा माल उतरलेला असतो. टोपी-केक हे वरवरचे. घरांतून खरे गेले आहेत ते चार रविवार.

आणि हे चार रविवार आपल्या जिल्ह्यात पडतात कधी? तर ऐन धानाच्या मळणीत. बांधीतला कडपा वाळून पुंजणे लागलेले, रानडुकरांच्या भीतीने रात्रीची जागल, शेकोटीला दोघेतिघे. लूकच्या शुभवर्तमानातले मेंढपाळ रात्री रानात राखण करीत होते, हे मुंबईच्या फ्लॅटमधल्या मुलाला चित्र दाखवून सांगावे लागते. लाखांदूरच्या पोराला ते माहीतच असते, त्याचा बाप तिकडेच गेलेला असतो. योसेफ नावनोंदणीसाठी गरोदर मरियेला घेऊन बेथलेहेमला गेला, हेही इथे चटकन समजते. धान विकायचे तर सातबारा घेऊन ऑनलाइन नोंदणी करा, मग केंद्रावर पोत्यांशेजारी नंबर लावून बसा. २०२५-२६च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. धानाचे पैसे खात्यात जमा व्हायला नाताळ उलटून जाऊ शकतो. म्हणून शेतकरी ख्रिस्ती घरात सण उसनवारीवर होतो, आणि मुलाच्या ऑनलाइन मागण्या बापाच्या कपाळावर आठी आणतात. नाताळच्या बाजारीकरणावर प्रवचन द्यायचे तर या आठीपासून सुरुवात करावी. सांताक्लॉज उत्तर ध्रुवावर राहत नाही, तो आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप निकोलस होता, हे त्यानंतर सांगितले तरी चालेल.

मग चर्चमध्ये चालते काय? कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि घराघरांतल्या प्रार्थना सभा, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. काही सभा नाताळ मानतच नाहीत, बायबलात तारीख नाही म्हणून. त्यांना ठाऊक नसेल, पण हा थेट जुन्या स्कॉटिश मंडळींचा आवाज आहे. मला त्यांचा हट्ट थोडा कोरडा वाटतो, तरी ते टोपीच्या सापळ्यातून सुटले आहेत हे मान्य करावे लागते. बाकीच्यांकडे कॅरल फेरी अजून निघते. थंडीत कानाला मफलर, एक हार्मोनियम, एक ढोलकी, टॉर्च धरणारा एक पोऱ्या. घरोघर दोन गाणी, एक प्रार्थना, काळा चहा. फेरीच्या पैशाचे काय करायचे, यावर दरवर्षी वाद होतो. साउंड सिस्टिम भाड्याने आणावी, की आजारी घराचे औषधपाणी करावे? हा वाद चालतो तोवर मला काळजी वाटत नाही. ज्या वर्षी साउंड सिस्टिम बिनविरोध मंजूर होईल, त्या वर्षी वाटेल.

गव्हाणीची चाल सुरू झाली ती १२२३ साली, इटलीतल्या ग्रेच्चो गावी. असिसीच्या फ्रान्सिसने एका कपारीत खराखुरा बैल, गाढव आणि वाळले गवत आणून लोकांना दाखवले, की देव जन्मला तो असा, जनावरांच्या चाऱ्यात. मुद्दाम साधा ठेवलेला तो देखावा होता. गेल्या वर्षी एका ओळखीच्या घरी गव्हाण पाहिली. ऑनलाइन मागवलेली, पॅकिंगसकट आलेली, आत हिरवे प्लास्टिकचे गवत. घराच्या मागच्या गोठ्यात म्हैस तणस खात उभी होती. यजमानांनी खुलासा केला, की हार्वेस्टर लावल्यापासून लांब तणस मिळतच नाही, बारीक तुकडे होतात. खुलासा खरा होता. मग आम्ही दोघांनी शेजारच्या जुन्या ढिगातून हातभर तणस ओढून आणले आणि प्लास्टिकवर पसरले. काड्या टोचतात म्हणून त्यांच्या नातीने बाळाखाली आपला रुमाल अंथरला.

 ज्यांना गव्हाण मांडायची आहे त्यांनी हार्वेस्टर बांधीत उतरण्याआधी धुऱ्याकडच्या दोन पेंढ्या विळ्याने कापून बाजूला ठेवाव्यात.