पायाचा वाकणारा सांगाडा

मांडीच्या सांध्यापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत मनुष्याच्या एका पायात ३० हाडे असून त्यांपैकी २६ एकट्या पावलात आहेत, एवढी माहिती कोणताही विद्यार्थी एका रात्रीत मुखोद्गत करू शकतो. परंतु चालताना ही हाडे परस्परांशी कसा व्यवहार करतात, हे समजण्यास ती हाती घेऊन हलविण्याची मुभा असावी लागते, आणि नेमकी तीच गोष्ट ताठ तारांनी जखडलेल्या जुन्या सांगाड्यात दुरापास्त होती.

हाडे ओवून सांगाडा उभा करण्याची रीत शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालिअसने १५४३ साली आपल्या महाग्रंथात विस्ताराने सांगितली, आणि त्याच वर्षी त्याने सिद्ध केलेला एक सांगाडा बाझेलच्या संग्रहालयात आजतागायत जतन आहे. पुढे जगातील वैद्यकीय विद्यालयांस खऱ्या हाडांचा मोठा पुरवठा कलकत्त्याहून होऊ लागला. ज्यांची संमती कोणी विचारली नव्हती अशा गोरगरिबांच्या देहांवर चाललेल्या त्या व्यापारास हिंदुस्थान सरकारने १९८५ साली निर्यातबंदी करून पायबंद घातला, हे फार पूर्वीच व्हावयास हवे होते. आता खऱ्या हाडांवरून साचे घेऊन प्लॅस्टिकची हाडे ओततात, त्यांस आरपार छिद्रे पाडतात आणि त्यांतून रबरी दोरी ताणून घेतात. या दोरीमुळेच सांधे वाकतात, वळतात आणि पुन्हा जागेवर येतात.

गुडघ्याचेच उदाहरण घ्या. तो दाराच्या बिजागरीप्रमाणे केवळ मागेपुढे फिरतो, अशी आपली समजूत असते. परंतु मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचे दोन गोलवे निरखून पाहिले, तर आतल्या अंगाच्या गोलव्याचा सांध्याचा पृष्ठभाग बाहेरच्याहून लांब आढळतो. आणि या असमानतेमुळेच, लोंबता पाय सरळ होत असता अगदी अखेरीस नडगीचे हाड किंचित बाहेर वळून गुडघा पक्का बसतो, म्हणूनच मनुष्य स्नायूंस फारसे न शिणविता बराच वेळ उभा राहू शकतो. तो पुन्हा वाकविण्यासाठी गुडघ्यामागील एका लहानशा स्नायूस प्रथम हे वळण उलगडावे लागते. वर्णनात क्लिष्ट वाटणारी ही गोष्ट, दोन्ही हाडे हातांत धरून शिक्षकाने सावकाश फिरविली, की पाहताक्षणी उमगते. तीच गत पावलाची: तळवा आत-बाहेर कलतो तो मुख्यतः घोट्यात नव्हे, तर त्याखालच्या सांध्यात, आणि टाच धरून हलविताच ते दिसते.

या प्रतिकृतीची एक उणीवही अध्यापनाच्या कामी येते. तिचा गुडघा पुढच्या अंगासही सहज मुडपतो, जिवंत मनुष्याचा मुडपत नाही. तेव्हा त्यास कोण अडविते, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात आपोआप उभा राहतो, आणि अस्थिबंधांचा धडा येथूनच सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुग्णालयातही तिचा उपयोग आहे. नडगी मोडली असता प्लॅस्टर गुडघ्याच्या वर मांडीपर्यंत कशाला, असा रुग्णाच्या नातलगांचा रास्त सवाल असतो. गुडघा वाकविताच किंवा पाऊल वळविताच खालचे हाड कसे हलते, हे त्यांच्यादेखत दाखविले, म्हणजे मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर ठेवण्याची तजवीज का करावी लागते, ते त्यांस निराळे सांगावे लागत नाही.