उभी झाडे, आडवे थर

गाळाच्या खडकांत खालचा थर जुना व वरचा नवा, हा नियम विद्यार्थ्यांना पाठ असतो. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, फंडीच्या उपसागराकाठी असलेल्या जॉगिन्सच्या कड्यांमध्ये मात्र या नियमाची परीक्षा घेणारे दृश्य दिसते. वालुकाश्म व पंकाश्म यांचे एकावर एक अनेक थर भेदून काही मीटर उंचीची अश्मीभूत खोडे तेथे उभी आहेत. प्रत्येक थर साचण्यास हजारो वर्षे लागली असतील, तर बुंधा एका युगात आणि शेंडा दुसऱ्या युगात, असे कसे घडले?

नियम बरोबर आहे. चूक आहे ती त्याला आपण परस्पर जोडलेल्या गृहीतकात. गाळ दरवर्षी सारख्याच वेगाने साचतो, असे आपण मानतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ही चूक ओळखीची वाटेल, कारण सरासरी पर्जन्यमानावरून अतिवृष्टी व अवर्षण यांचा बोध होत नाही. एका पुरात हातभर जाडीची वाळू साचू शकते, तर तिच्यावरचा बोटभर मातीचा थर तयार होण्यास कित्येक दशके लागतात. थराची जाडी हे काळाचे माप नव्हे.

सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी, कार्बोनिफेरस कालखंडात, जॉगिन्स हा विषुववृत्ताजवळचा दलदलीचा मैदानी प्रदेश होता. सिजिलॅरिया, लेपिडोडेंड्रॉन अशा वृक्षांची तेथे वने होती. त्यांची साल जाड आणि चिवट, तर गाभा मऊ असे. नद्यांना पूर आले, की खोडांभोवती वाळू व चिखल साचे. झाड मरे, पण कुजून कोसळण्यापूर्वीच बरेचसे गाडले जाई. पुढे गाभा कुजून सालीची पोकळ नळी उरे व तीत नवा गाळ भरे. आज दिसते ते बहुधा या पोकळीत भरलेल्या गाळाचे साचे होत.

एवढा गाळ सामावण्यास जागा कशी मिळाली? तळाशी मिठाचे जाड थर होते. वरच्या भाराने मीठ बाजूला सरकत गेले आणि खोरे झपाट्याने खचत राहिले, असे भूवैज्ञानिकांचे स्पष्टीकरण आहे.

प्रत्येक उभे खोड जागीच वाढले, असे मात्र समजू नये. १९८० मध्ये माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर स्पिरिट सरोवरात वाहून आलेली काही खोडे बुंधा खाली करून उभी तरंगत होती. निर्णय मुळांवरून होतो. जॉगिन्स येथे मुळे खालच्या प्राचीन मातीत पसरलेली आढळतात. शिवाय असे वनस्तर एकच नसून कितीतरी पातळ्यांवर आहेत. वन वाढले, बुडाले, त्यावर माती झाली, पुन्हा वन उगवले. एकाच महापुराने हे साधणारे नाही. आपल्याकडे तमिळनाडूतील तिरुवक्करै येथील अश्मीभूत खोडे आडवी, मुळा-फांद्यांविना पडलेली आहेत. ती नदीने वाहून आणलेली, हे त्यावरूनच कळते.

चार्ल्स लायेल यांनी १८४२ मध्ये जॉगिन्सला भेट दिली. पुढच्याच वर्षी विल्यम लोगन यांनी साडेचौदा हजार फुटांहून अधिक जाडीच्या थरांची इंचाइंचाने मोजदाद केली. १८५२ मध्ये लायेल आणि जॉन विल्यम डॉसन यांना एका खोडाच्या पोकळीत चतुष्पाद प्राण्याची हाडे मिळाली. पुढे डॉसन यांनी वर्णिलेला हायलोनोमस हा ज्ञात सरीसृपांपैकी अतिप्राचीन गणला जातो. २००८ मध्ये युनेस्कोने या कड्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

कोळसा खाणकामगारांना ही खोडे आधीपासूनच माहीत होती, पण वेगळ्या कारणाने. कोळसा काढून घेतल्यावर छतात असा बुंधा उघडा पडतो. त्याच्या सालीचा कोळशात रूपांतर झालेला पातळ, गुळगुळीत पापुद्रा सभोवतालच्या खडकाला घट्ट धरत नाही आणि शेकडो किलोचा दगड पूर्वसूचनेविना खाली निसटतो. ब्रिटन व अमेरिकेतील खाणींत अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. म्हणून छतावर कोळशाचे गोल कडे दिसताच तेथे आधार देणे, हा खाणसुरक्षेचा भाग आहे.